पन्नाशीनंतर गिटार : स्वतःच्या बळावर शिकू पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

पन्नाशी-साठीत प्रथमच गिटार हातात घेणाऱ्या माणसाचा कान त्याच्या बोटांपेक्षा कितीतरी वर्षे पुढे असतो. रेडिओवरची भावगीते, नाट्यपदे, देवळातली भजने आणि चित्रपटगीते ऐकत आयुष्य गेलेले असते, त्यामुळे सूर जरा घसरला तरी तो त्याला तत्काळ कळतो. दहा वर्षांच्या मुलाला आपण बेसूर वाजवतो आहोत हे कळतच नाही, म्हणून ते आनंदाने वाजवत राहते. मोठ्या माणसाला मात्र पहिल्या दिवसापासून ते कळत असते आणि बोटांना काही सुधारता येत नसते. उशिरा शिकू लागलेले बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गिटार कपाटावर ठेवून देतात, त्याचे कारण मला या अंतरात दिसते. बोटांचा ताठरपणा किंवा वय हे नंतरचे. पण हाच तयार कान नीट कामाला लावला, तर घरात शिक्षक नसण्याची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

वाद्य निवडताना

पहिला निर्णय तारांचा असतो. पोलादी तारांच्या गिटारचा आवाज खणखणीत असतो, पण तिच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ७० किलोग्रॅम भरतो. नायलॉनच्या तारा असलेल्या, म्हणजे क्लासिकल घडणीच्या गिटारवर तो साधारण ४० किलोग्रॅम असतो. ज्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी किंवा बोटांच्या पेरांत आधीपासून दुखणे आहे, त्यांनी संकोच न करता नायलॉनची गिटार घ्यावी. तिची मान मात्र रुंद असते. तारांच्या सुरुवातीच्या पट्टीवर, म्हणजे नटवर, ती सुमारे ५२ मिलिमीटर भरते, तर पोलादी तारांच्या गिटारवर ४३-४४ मिलिमीटर. हाताचा पंजा लहान असेल तर दुकानात दोन्ही हातात धरून पाहिल्याशिवाय ठरवू नये. पोलादी तारांचीच गिटार हवी असेल, तर तिच्यावर पातळ तारांचा संच बसवून घ्यावा. दुकानात ‘१० नंबर’ किंवा ‘११ नंबर’चा संच म्हणून मागितला की मिळतो, नेहमी बसवून दिला जाणारा १२ नंबरचा संच नवख्या बोटांना जड जातो.

साधारण आठ ते बारा हजार रुपयांत यामाहाच्या एफ ३१० किंवा सी ४० यांसारखी भरवशाची गिटार मिळते आणि शिकण्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत याहून महाग वाद्याची गरज पडत नाही. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या गिटार मी सुचवणार नाही, कारण त्यांच्या तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, इतक्या उंच असतात की शिकणाऱ्याला दोष आपल्या बोटांचा वाटतो आणि तो असतो वाद्याचा.

तारांची ही उंची, जिला ॲक्शन म्हणतात, घरच्या पट्टीनेसुद्धा मोजता येते. बाराव्या फ्रेटच्या वरच्या कडेपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर पोलादी तारांच्या गिटारवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असावे. नायलॉनच्या गिटारवर ते अनुक्रमे चार आणि तीनपर्यंत चालते. आणखी एक परीक्षा आहे. एखादी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवायच्या सुरांची जुळणी, धरून पाहावी; मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा आणि त्याच्या पुढे तीच कॉर्ड धरून पाहावी. बोटांना एकदम सोपे वाटू लागले, तर नटच्या खाचा पुरेशा खोल कापलेल्या नाहीत असे समजावे. हे काम गिटार दुरुस्त करणारा कारागीर थोडक्या पैशांत करून देतो आणि गिटारवर केलेला हा सर्वांत शहाणपणाचा खर्च ठरतो. वाद्य नवीन आहे म्हणून ते वाजवण्याजोगे लावलेले असेलच असे गृहीत धरू नये.

सुरात लावणे : कानाचा पहिला पाठ

गिटारच्या तारा बारीक तारेपासून जाड तारेकडे मोजतात, म्हणजे सर्वांत बारीक तार पहिली आणि सर्वांत जाड सहावी. सहावीपासून पहिलीपर्यंत मोकळ्या तारांचे सूर ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात आणि पाचव्या तारेची कंपनसंख्या ११० हर्ट्झ असते. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने गिटार दोन मिनिटांत लागते आणि पहिल्या आठवड्यात तसेच करावे. त्यानंतर मात्र ॲपने फक्त पाचवी तार लावावी आणि उरलेल्या पाच तारा कानाने लावून, शेवटी ॲपने तपासून पाहाव्यात.

पद्धत सोपी आहे. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट दाबला असता जो सूर येतो तो मोकळ्या पाचव्या तारेचा असला पाहिजे. पाचवीच्या पाचव्या फ्रेटवर चौथीचा, चौथीच्या पाचव्या फ्रेटवर तिसरीचा सूर मिळतो. तिसरीवरून दुसरी लावताना मात्र चौथा फ्रेट दाबायचा असतो आणि दुसरीवरून पहिली लावताना पुन्हा पाचवा. दोन्ही तारा एकत्र छेडल्या आणि सूर जवळपास जुळत आला की आवाज एका लयीत लहान-मोठा होऊ लागतो. एक तार ११० आणि दुसरी ११२ हर्ट्झवर असेल तर ही लाट सेकंदाला दोनदा ऐकू येते. खुंटी हळूहळू फिरवावी तशी ती लाट संथ होत जाते आणि सूर मिळाला की नाहीशी होते. ही लाट ऐकू येणे आणि ती विरते त्या जागी हात थांबणे, याच्याइतका उपयुक्त पाठ पहिल्या महिन्यात दुसरा नाही. खुंटी नेहमी खालच्या सुरावरून वर चढवत आणावी. सूर पुढे गेला तर तार सैल करून पुन्हा खालून यावे, म्हणजे ती लवकर उतरत नाही.

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्यांना येथे एक गोष्ट खटकते आणि ती त्यांनी आधीच जाणून घ्यावी. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग कल्पिले तर सुमारे चौदा भागांनी. ई किंवा ए ही कॉर्ड वाजवताना काहीतरी चढे वाटते ते यामुळे. एक कॉर्ड कानाला गोड लागावी म्हणून तार उतरवली की दुसरी कॉर्ड बिघडते, म्हणून तो मोह टाळावा.

बैठक आणि दाब

बिनहाताच्या, कडक बैठकीच्या खुर्चीवर बसावे. गिटार उजव्या मांडीवर ठेवण्याची रीत सर्रास आहे, परंतु मनगट किंवा खांदा अवघडणाऱ्यांनी डाव्या पायाखाली दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा पाट घेऊन गिटार डाव्या मांडीवर घ्यावी आणि मान थोडी वर कललेली ठेवावी; त्यामुळे डावे मनगट सरळ राहते. बसून वाजवतानाही पट्टा गळ्यात असला तर गिटार सांभाळण्याचे काम डाव्या हाताकडे उरत नाही. दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांना फ्रेट नीट दिसत नाहीत, म्हणून ते गिटारची दर्शनी बाजू स्वतःकडे वळवतात आणि त्यासाठी मनगट दुमडतात. ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारवर मानेच्या वरच्या कडेवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि बाराव्या फ्रेटपाशी ठिपके असतात. वरून पाहताना तेवढे पुरतात.

तार दाबताना बोट दोन फ्रेटच्या मध्यावर न ठेवता ज्या फ्रेटचा सूर हवा आहे त्याच्या अगदी लगत, नटच्या बाजूने ठेवावे. दाब किती हवा हे शिकण्यासाठी पुढील प्रयोग रोज दोन मिनिटे करावा. तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर बोट नुसते टेकवून तार छेडावी. आवाज मेलेला येईल. दाब कणाकणाने वाढवत पुन्हा पुन्हा छेडत राहावे. आधी घरघर येईल आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल, तेथे थांबावे. तेवढाच दाब पुरतो हे बोटांना कळू लागले की अंगठ्याची मिठी आपोआप सैल होते. मोठी माणसे बहुधा याच्या दुप्पट जोर लावतात आणि वीस मिनिटांत त्यांचा हात भरून येतो.

कॉर्ड बदलणे

नवख्यांची पुस्तके सुरुवातीलाच कॉर्डचे तक्ते देतात आणि उत्साही माणूस आठवड्यात पंधरा आकृत्या पाठ करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्या दोन महिन्यांत ई मायनर, ए मायनर, सी, जी आणि डी या पाचांच्या पलीकडे जाऊ नये, आणि कॉर्ड ‘येते’ असे तेव्हाच म्हणावे जेव्हा तिच्याकडे जाणे आणि तिच्यावरून निघणे लय न तुटता जमते.

ए मायनरवरून सीकडे जाण्याचे उदाहरण जवळून पाहू. ए मायनरमध्ये तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. सीमध्ये तर्जनी आणि मधले बोट जागचे हलतच नाहीत. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाते. तरीही नवखा वादक तिन्ही बोटे उचलतो, हात हवेत थांबतो आणि सी नव्याने रचतो. म्हणून प्रत्येक बदलापूर्वी एकच प्रश्न विचारावा : कोणते बोट राहणार आहे? ए मायनरवरून ईकडे जाताना एकही बोट राहत नाही, पण संपूर्ण आकृतीच एका तारेने जाड बाजूला सरकते. तेथे तिन्ही बोटे एकत्र उचलून एकत्र टेकवण्याचा सराव करावा.

सरावाची रीत अशी. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे साधन, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावावा, प्रत्येक कॉर्डवर चार ठोके घ्यावेत आणि चौथ्या ठोक्यावर हात उचलून पहिल्या ठोक्यावर नव्या कॉर्डवर असावे. एखादे बोट पोचले नाही तरी उजवा हात थांबवू नये. येथे तयार कानाचा उपद्रव होतो, कारण एक तार घरघरली की थांबून ती सुधारण्याची अनावर इच्छा होते आणि थांबण्याचीच सवय लागते. सुधारणा करण्यासाठी वेगळा वेळ ठेवावा : त्या वेळी लय सोडून द्यावी, कॉर्ड धरावी, सहाही तारा एकेक करून छेडाव्यात आणि कोणते बोट शेजारच्या तारेला टेकते आहे ते शोधावे. ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत. बदल सलग चार-पाच दिवस बिनचूक जमला तर ठोके चार-पाचांनी वाढवावेत.

मानेच्या टोकाला फ्रेट दूरदूर असतात. ६५० मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर असतो, तर अकराव्या आणि बाराव्या फ्रेटमधले अंतर १९ मिलिमीटरच भरते. ताणल्यावर बोटे दुखत असतील तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून त्याच आकृत्या पुढे धराव्यात. अंतर कमी होते, तारा खाली येतात आणि शिकण्यात काहीही कमी पडत नाही.

एका तारेवर भूप

कॉर्डच्या सरावाइतकाच वेळ पहिल्यापासून एकेका सुराला द्यावा, असे मी आग्रहाने सुचवेन. ज्याला सरगम ठाऊक आहे त्याने पाश्चात्त्य नोटेशन शिकेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. चौथी तार, म्हणजे डी, हा षड्ज मानावा. मोकळी तार सा, दुसरा फ्रेट रे, चौथा ग, सातवा प, नववा ध आणि बारावा वरचा सा. हा भूप झाला. पाचवी मोकळी तार या षड्जाचा खालचा पंचम आहे. ती अंगठ्याने छेडत राहावे आणि तिच्यावर चौथ्या तारेवर आरोह-अवरोह, मग लहान पलटे, मग ओळखीच्या भूपातल्या अभंगाची ओळ वाजवावी. मोबाइलवर तंबोऱ्याचे ॲप पांढरी दोनवर, म्हणजे डीवर, लावले तर उत्तमच.

फ्रेटच्या आकड्यांवर फार काळ विसंबू नये. आधी ओळ गुणगुणावी, मग ती तारेवर शोधावी, चुकल्यास पुन्हा गुणगुणावी. ज्याने हे रोज दहा मिनिटे केले त्याला काही आठवड्यांनी पुढचा सूर किती फ्रेट दूर आहे हे वाजवण्याआधीच जाणवू लागते. भूप हाताखाली आला की चौथा आणि नववा फ्रेट सोडून तिसरा आणि आठवा घ्यावा; गांधार-धैवत कोमल होतात आणि त्याच तारेवर वेगळीच वाट उघडते.

पट्टी, गांधार आणि कॅपो

मराठी गायक आपली पट्टी ‘काळी एक’, ‘काळी चार’ अशी पेटीच्या भाषेत सांगतात आणि गिटारवाल्याला ती कळत नाही, म्हणून घरातल्या घरातसुद्धा साथ जमत नाही. हिशेब सोपा आहे. पांढरी एक म्हणजे सी. सी हा षड्ज धरून वाजवल्या जाणाऱ्या आकृत्या पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवल्या की काळी एक होते, दुसऱ्या फ्रेटवर पांढरी दोन आणि तिसऱ्यावर काळी दोन. जी म्हणजे पांढरी पाच. जीच्या आकृत्यांना पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला की काळी चार आणि तिसऱ्यावर काळी पाच, ज्या पट्ट्यांत पुष्कळ स्त्रिया गातात. डीच्या आकृत्या तिसऱ्या फ्रेटवर पांढरी चार देतात आणि चौथ्या फ्रेटवर काळी तीन. हा एवढा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला तर घरात कोणीही गायला बसले तरी साथ देता येते.

दुसरा प्रश्न असतो तो कोणत्या कॉर्ड लावाव्यात हा, आणि त्याचे उत्तर गाण्याच्या गांधारात मिळते. गांधार शुद्ध असेल तर षड्जावर मेजर कॉर्ड बसते, कोमल असेल तर मायनर. सी हा षड्ज असलेल्या शुद्ध गांधाराच्या साध्या गाण्याला सी, एफ, जी आणि ए मायनर बहुधा पुरतात. ए हा षड्ज असलेल्या कोमल गांधाराच्या गाण्याला ए मायनर, डी मायनर, जी आणि ई. तरीही एक सावधगिरी बाळगावी. आपली बरीच अभंगवाणी आणि रागावर आधारलेली भावगीते एका षड्जाच्या आधारावर उभी असतात; प्रत्येक सुरासरशी कॉर्ड बदलली की गाण्याचा भाव हरवतो. कोमल ऋषभ असलेल्या भैरवीच्या चालीत तर ठरलेल्या कॉर्ड हटकून खुपतात. तेथे फक्त षड्ज-पंचम धरून राहावे, आणि कॉर्ड केव्हा बदलू नये हे कानाला विचारावे. त्याला ते ठाऊक असते.

ठेका

उजव्या हाताच्या सरावासाठी परदेशी गाण्यांचे स्ट्रमिंग, म्हणजे तारांवरून हात फिरवण्याच्या रीती, पाठ करण्याऐवजी केरवा आणि दादरा घ्यावेत. केरव्याच्या आठ मात्रांत विषम मात्रांवर हात खाली आणि सम मात्रांवर वर न्यावा. पहिल्या मात्रेवर अंगठ्याने जाड तार आणि बाकी मात्रांवर हलका झंकार असे केले की बोल स्पष्ट होतात. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिली आणि चौथी मात्रा जाड तारेवर घ्यावी, उरलेल्या चार बारीक तारांवर. आधी तोंडाने बोल म्हणावेत, मग मांडीवर हात चालवावा आणि मगच तारांना स्पर्श करावा.

शिक्षकाच्या जागी काय ठेवावे

वाजवताना माणसाचे लक्ष बोटांत गुंतलेले असते, त्यामुळे स्वतःचे वाजवणे त्याला पूर्ण ऐकू येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि ते त्याच दिवशी ऐकू नये. दुसऱ्या दिवशी, हातात गिटार नसताना, वही घेऊन ऐकावे आणि एकच दोष लिहावा : लय कोठे वाढली, कोणती कॉर्ड उशिरा आली, कोणती तार उतरली होती. पुढचा आठवडा त्या एका दोषासाठी द्यावा. ध्वनिमुद्रणे पुसू नयेत. तीन महिन्यांपूर्वीचे ऐकले की प्रगती खरोखर झाली आहे की नाही हे मनाच्या चढउताराला न विचारता कळते.

रोजची दोन वेळची वीस-वीस मिनिटे रविवारच्या दोन तासांपेक्षा निश्चितपणे अधिक कामाची असतात, कारण हाताने शिकलेली हालचाल मधल्या झोपेत पक्की होते. गिटार पेटीत बंद असेल तर ती वीस मिनिटे निघत नाहीत. पावसाळा सोडून ती स्टँडवर, नजरेसमोर ठेवावी.

इंटरनेटवरच्या धड्यांपैकी जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन शिक्षकाची विनामूल्य मालिका क्रमाने रचलेली आहे आणि नवख्याला तिच्यावर विसंबता येते. मालिका कोणतीही घेतली तरी एकच घ्यावी आणि संपवावी. रोज नवा शिक्षक ऐकणारा माणूस गिटारविषयी पुष्कळ जाणतो, पण वाजवत नाही. स्वतःच्या बळावर शिकणे म्हणजे कोणाला कधीच न विचारणे असे मानू नये. तीन-चार महिन्यांतून एकदा एखाद्या जाणकारासमोर बसून हाताची ठेवण तपासून घ्यावी, कारण मनगटाचा बाक ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. ज्यांना बाहेरचे उद्दिष्ट हवे असते त्यांना ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या श्रेणी परीक्षा आपल्याकडेही देता येतात आणि त्यांना वयाची अट नाही.

शरीराचे ऐकणे

बोटांच्या टोकांना होणारी हुळहुळ नैसर्गिक आहे. दोन-चार आठवड्यांत कातडी निबर होते आणि ती थांबते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, कोपरात किंवा खांद्यात होणारे दुखणे मात्र नैसर्गिक नाही आणि ते सहन करून पुढे वाजवू नये. सकाळी उठल्यावर एखादे बोट मिटलेल्या स्थितीत अडकत असेल आणि झटक्याने उघडत असेल, किंवा रात्री बोटांना मुंग्या येत असतील, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांत बोट अडकणे आणि खांदा आखडणे ही दुखणी अधिक आढळतात. त्यातच बोटांची संवेदना मंद झाली असेल तर टोकांना झालेली जखम कळत नाही, म्हणून त्यांनी सरावानंतर बोटे उजेडात नीट पाहावीत. थंडीच्या सकाळी हात कोमट पाण्यात दोन मिनिटे धरून मग वाजवायला बसावे.

बोटे थोडी आखडलेली असली तरी वाटा बंद होत नाहीत. जँगो राइनहार्ट या विख्यात गिटारवादकाची डाव्या हाताची दोन बोटे १९२८ साली आगीत भाजून जवळजवळ निकामी झाली आणि त्याने एकेका सुराचे वादन मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर नव्याने बांधले. साध्या माणसाने यातून एवढेच घ्यावे की कॉर्डची छापील बोटयोजना ही सूचना असते. ज्या बोटाने सूर स्वच्छ येतो ते आपले बोट.

एफची कॉर्ड

एका बोटाने सहाही तारा दाबायच्या एफ कॉर्डपाशी पुष्कळांचा प्रवास थांबतो. तिला घाई करू नये. सुरुवातीला दुसऱ्या तारेचा पहिला, तिसरीचा दुसरा आणि चौथीचा तिसरा फ्रेट दाबून आणि पहिली तार मोकळी ठेवून छोटी एफ वाजवावी. बहुतेक गाण्यांत ती खपून जाते. मोठ्या आकृतीचा सराव पहिल्या फ्रेटवर करण्याऐवजी पाचव्या फ्रेटवर सुरू करावा, जेथे तारा कमी ताठर लागतात, आणि तेथे जमल्यावर एकेक फ्रेट खाली यावे. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याच्या बाजूला किंचित कलंडवली की तिच्या कडेचा हाडाचा भाग तारेवर येतो आणि जोर कमी लागतो. यात काही महिने गेले तरी बिघडत नाही.

पावसाळा

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात आणि मुंबई-गोव्यात पावसाळ्यात ती पुष्कळ वर जाते, लाकूड फुगते आणि तारा उंच होतात; विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटे होऊन फ्रेटची टोके मानेबाहेर बोचू लागतात. पावसाळ्यात गिटार पेटीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसाव्यात. दमट हवेत पोलादी तारा त्याशिवाय महिन्याभरात गंजतात. नियमित वाजवणाऱ्याने साधारण तीन महिन्यांनी संच बदलावा.

इतरांबरोबर वाजवणे

सहा-आठ महिन्यांनी, चार-पाच गाणी अखंड वाजवता येऊ लागली की, गाणाऱ्या माणसाबरोबर बसावे. सोसायटीचा गणेशोत्सव, भजनी मंडळाची घरगुती बैठक किंवा नात्यातली गाणारी आत्या, कोणीही चालेल. आधी गायकाला त्याची पट्टी विचारावी, कॅपो लावून दोन ओळी त्याला नुसत्या गायला लावाव्यात आणि सूर नीट बसला की मगच ठेका धरावा. गायक श्वासासाठी थांबला तर त्याच्यासाठी थांबावे आणि आवाज त्याच्या आवाजाखाली ठेवावा. मधेच कॉर्ड हुकली तर गाणे थांबवू नये, शोधाशोधही करू नये. तारांवर तळहात ठेवून झंकार बंद करावा, समेवर षड्जाची जाड तार तेवढी छेडत राहावे आणि ओळखीच्या ओळीवर पुन्हा कॉर्ड धरावी. गाणे संपल्यावर कोणत्या शब्दावर हात हुकला ते वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावाला तेथूनच सुरुवात करावी.